इंजिन बंद पडलं की विमान पडतं का?

गेल्या सुगीत बेळगावजवळच्या मुचंडीला मामांच्या शेतात बसलो होतो. डोक्यावरून एक छोटं पांढरं विमान घरघरत गेलं. पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच, त्याच वाटेने. तिसऱ्या फेरीला मामांनी हातातला विळा खाली ठेवला आणि विचारलं, "बाळू, तू उद्यमबागेत एवढी वर्षं मशीनवर काढलास. ह्याचं इंजिन वरच बंद पडलं तर थेट आमच्या डोक्यावरच की रे?"

प्रश्न मामांचा एकट्याचा नाही. ३० मे २०२३ला, आपला बेळगावचा विमानतळ जिथे आहे त्या सांबऱ्याजवळ, होनिहाळच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान शेतात उतरलं. आतले दोघं किरकोळ दुखापतींवर निभावले. पण तासाभरात मुतग्यापासून खडेबाजारापर्यंत बातमी पोचली ती "विमान पडलं" अशी. ते पडलं की उतरवलं, यातला फरक कळला तर ही छोटी विमानं आणि त्यांची सुरक्षितता बरीचशी कळते.

मी वैमानिक नाही. इंजिनाच्या सुट्या भागांत हात काळे केलेला आणि विमानांचं वेड असलेला माणूस, एवढीच माझी लायकी. त्यामुळे वर्कशॉपच्या भाषेतच सांगतो.

ही विमानं आहेत तरी कसली?

सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, १९४२ची. शेजारी हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. अलीकडे त्यात वैमानिक घडवणाऱ्या शाळांची भर पडली आणि आकाशात ही घरघर वाढली.

अशा विमानाचा जगप्रसिद्ध नमुना म्हणजे सेसना १५२. दोन माणसं, एक इंजिन, पुढे एक पंखा. पेट्रोल आणि माणसांसकट वजन जास्तीत जास्त ७५७ किलो, म्हणजे रिकाम्या वॅगनआरपेक्षाही हलकं. इंजिन ११० हॉर्सपॉवरचं. इंजिन बघायला मिळालं तर आपल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला ते परकं वाटणार नाही: चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, कार्बोरेटरवर चालणारं. एकच गोष्ट वेगळी दिसेल. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. बॅटरी मेली तरीही चालतं.

सांबऱ्यावरची पोरं नोकरीसाठी शिकतात. त्यांना व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं. पण निव्वळ हौसेसाठी उडणारेही असतात. त्यांचा परवाना वेगळा, खासगी वैमानिकाचा. वय किमान १७ वर्षं, किमान ४० तासांचं उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा. या परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. भारतातला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला, १९२९च्या फेब्रुवारीत, तोही हौसेपोटीच. एअर इंडिया पुढची गोष्ट. २०२२ साली केंद्राने हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात पॅराग्लायडिंगपासून घरी बांधलेल्या विमानांपर्यंत सगळी हौस एका छत्राखाली घेतली. म्हणजे ही घरघर पुढे वाढणारच आहे.

इंजिन बंद पडलं की काय होतं?

वंटमुरीच्या घाटातून सायकल सोडली की पायडल न मारता ती खाली येते. उतार आहे तोवर वेग आहे. विमानाचं तसंच. इंजिन बंद पडल्यावर वैमानिक नाक किंचित खाली झुकवतो आणि विमान हवेच्या अदृश्य उतारावरून घसरत येतं. दगडासारखं पडत नाही.

किती घसरतं? सेसना १७२, म्हणजे १५२चं चार आसनी भावंड, एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना आठेक किलोमीटरचा पल्ला आणि चारेक मिनिटं हातात असतात. आठ किलोमीटर म्हणजे सांबऱ्यापासून जवळजवळ बेळगाव शहराच्या वेशीपर्यंत. चार मिनिटं कमी वाटतात, पण जागा हेरायला, पेट्रोलचा कॉक तपासायला, इंजिन पुन्हा सुरू करून बघायला आणि रेडिओवर संकट कळवायला ती पुरतात. विद्यार्थ्यांकडून हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. प्रशिक्षक मध्येच थ्रॉटल मागे ओढतो आणि म्हणतो, "इंजिन गेलं. कुठं उतरणार, सांग." तुम्ही खालून ऐकता की आवाज एकदम बसला आणि थोड्या वेळाने पुन्हा चढला. बऱ्याचदा ते हेच असतं. काळीज धडधडवून घेऊ नका.

आता उतरतानाचं गणित. सेसना १५२ फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या फळ्या) पूर्ण सोडून ताशी ८० किलोमीटरच्या आसपास टेकू शकतं. समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने फक्त ६०. ताशी ८० वेगाने आलेली वस्तू तीन मीटरच्या अंतरात एकसारखी थांबली, तर आत बांधलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठपट जोर येतो. पट्टा घट्ट असेल तर एवढा जोर माणूस सोसतो. वेग दुप्पट झाला की तेच अंतर चौपट लागतं. म्हणून ज्याला शेतात उतरायचंय त्याचे दोन नियम: शक्य तेवढं हळू, आणि शेवटपर्यंत ताब्यात. पंख झाडाला लागून तुटले तरी चालतील, मधला पिंजरा शाबूत राहिला पाहिजे.

मग माणसं मरतात कशाने?

इथे एक शब्द शिकावा लागेल: स्टॉल. आपल्याकडे स्टॉल म्हटलं की भजी आठवतात, आणि गाडीवाल्याला इंजिन बंद पडणं. विमानात स्टॉलचा इंजिनाशी संबंधच नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही विमान स्टॉल होतं.

एक प्रयोग मनातल्या मनात करा. (खरा केलात तर कंडक्टर ओरडेल.) धावत्या बसच्या खिडकीतून तळहात आडवा बाहेर काढला, पुढची कड जराशी वर केली की हात उचलला जातो. अजून थोडी वर केली, अजून उचलला जातो. पण एका मर्यादेनंतर हात उचलला न जाता नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की पंखावरून चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल एकदम घटते. हा स्टॉल.

माणूस त्या कोनात जातो कसा? हळू उडताना, विमान खाली जातंय असं वाटलं म्हणून दांडा (विमानाचं नाक वर-खाली करणारा) आणखी मागे ओढून. ओढलं की वर जातं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नेमक्या उलट वेळी हात तेच करतो. उंचावर हे झालं तर काही बिघडत नाही. दांडा सैल सोडला की काही शे फुटांत विमान सावरतं, विद्यार्थी ते मुद्दाम करून शिकतात. जमिनीजवळ ते काही शे फूट नसतात.

त्यात वळणाची भर. विमान कलवून वळवलं की पंखांवर जास्त भार येतो, आणि स्टॉल जास्त वेगालाच गाठतो. ६० अंश कललं तर तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ताशी ८९ला स्टॉल होणारं विमान तेव्हा १२६लाच होतं. धावपट्टीकडे शेवटचं वळण थोडं चुकलं, म्हणून ते आवळून घ्यायचं, दांडा ओढायचा, आणि एक पंख आधी सुटून विमान गिरक्या घेत खाली. जगभरच्या अपघात अहवालांत हा प्रकार इतक्या वेळा येतो की वाचताना पुढचं वाक्य आधीच कळतं.

उड्डाणानंतरचं पहिलं मिनिटही याच जातीचं. चारशे-पाचशे फुटांवर इंजिन गेलं की मागे धावपट्टी असते, आणि मन म्हणतं परत वळ. परत वळणं म्हणजे नुसता अर्धा गोल नव्हे. धावपट्टीच्या रेषेवर पुन्हा यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं, तेही उंची गमावत, कलून, वारा पाठीवर घेऊन. म्हणून शिकवतात: पुरेशी उंची नसेल तर समोरच्याच शेतात, डावी-उजवीकडे थोडंसं बघून, उतर. वर्तमानपत्रात शेतात आडवं पडलेलं, चाक मोडलेलं विमान दिसतं, तेव्हा पुष्कळदा कोणीतरी हा मोह टाळलेला असतो.

सांबरा कळसूबाईच्या वर

हे वाचून आमच्या वर्कशॉपमधली पोरं हसली होती, म्हणून हिशेब मांडतो.

सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फुटांवर आहे. या उंचीला हवेचं "पुस्तकी" तापमान १० अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३६वर गेला, म्हणजे २६ अंश जास्त. तापलेली हवा पसरते, विरळ होते. ढोबळ नियम असा की जास्तीच्या प्रत्येक अंशामागे विमानाला आपण १२० फूट आणखी वर आहोत असं "वाटतं". सव्वीस गुणिले १२०, म्हणजे ३,१२० फूट. एकूण ५,६०० फूट, अर्थात १,७०० मीटरच्या वर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं.

विरळ हवेत इंजिनाला दम कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना आधार कमी. धाव लांबते, चढ मंदावतो. सांबऱ्याची धावपट्टी लांब आहे, तिथे छोट्या विमानाला अडचण नाही. पण हौशी वैमानिक एखाद्या आखूड पट्टीवरून, पेट्रोल भरून, जाडजूड मित्राला शेजारी बसवून, भर दुपारी निघाला तर समोरची झाडं अपेक्षेपेक्षा लवकर येतात. पोरं सकाळी लवकर उडतात त्यामागचं एक कारण हेच. सकाळची हवा दाट असते, आणि दुपारसारखी काळ्या रानावरून उसळ्याही मारत नाही.

आपला पावसाळा

बेळगावच्या पावसाळ्यात छोट्या विमानाला तीन शत्रू भेटतात. पहिले दोन टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये, तिसरा माणसाच्या कानात.

अर्धी टाकी रात्रभर दमट हवेत राहिली की आतल्या हवेतलं पाणी टाकीच्या भिंतीवर जमतं आणि पेट्रोलच्या तळाशी बसतं. म्हणून उडण्याआधी टाकीखालच्या छोट्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढतात. एका फ्लाइंग क्लबात मी हे जवळून पाहिलंय. विमानाचं पेट्रोल फिक्या निळ्या रंगाचं असतं, ते ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंगवलेलं. विद्यार्थिनीने पेला उजेडाकडे धरला. तळाशी पोह्याच्या दाण्याएवढा बिनरंगी थेंब हलत होता. तिने काही न बोलता ते फेकलं, पुन्हा काढलं, पुन्हा धरलं. तिसऱ्या पेल्याला नुसता निळा. मग शिडीवर चढून टाकीत मोजपट्टी बुडवली, आपले ट्रकवाले डिझेल बघतात तशी, कारण काट्यावर विसंबायचं नसतं. ठरल्या ठिकाणी पोचल्यावरही दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल उरलं पाहिजे, असा हिशेब धरायचा असतो.

दुसरा शत्रू बर्फ. बेळगावात बर्फ? होय. राजदूत चालवलेल्यांना आठवेल, चालत्या गाडीचा कार्बोरेटर हाताला गार लागायचा. पेट्रोलची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते, शिवाय अरुंद गळ्यातून हवा जाताना थंड होते. आत तापमान वीस अंशांनी आणि त्याहूनही खाली येऊ शकतं. बाहेर जुलैतली २२ अंशांची ओली हवा असेल तर गळ्याशी बर्फ धरतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी एक दांडी असते, ती ओढली की सायलेन्सरभोवतीची गरम हवा आत येते. ओढल्याबरोबर बर्फ वितळून पाणी आत जातं, इंजिन क्षणभर खोकतं. घाबरून दांडी परत ढकलली की खेळ संपला.

तिसऱ्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण त्याच्यापुढे यंत्र काहीच करू शकत नाही. हौशी वैमानिक डोळ्यांनी उडतो. क्षितिज दिसतंय तोवर तो सरळ. पश्चिमेला चोर्ला, आंबोलीच्या कड्यावरून कोकणातली ओली हवा वर चढते आणि बघता बघता ढग होते, हे आपण गाडीतून पाहिलेलं आहे. विमान त्यात शिरलं की बाहेर फक्त पांढरं. मग शरीर कानाच्या आतल्या द्रवाच्या हालचालीवरून अंदाज घेऊ लागतं, आणि कान फसवतो. यल्लम्माच्या जत्रेतल्या गोल पाळण्यात डोळे मिटून बसा. फेऱ्या एका वेगाने चालू राहिल्या की थोड्या वेळाने थांबल्यासारखं वाटतं, आणि पाळणा थांबला की उलटं फिरल्यासारखं. विमान हळूहळू कलत जातं, माणसाला ते सरळच वाटतं. खाली जातंय हे कळल्यावर तो दांडा ओढतो आणि वळण आणखी आवळतं.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली याचा प्रयोग केला. काचेबाहेरचं दिसणं बंद केलं, आणि उपकरणांवर उडायचं शिक्षण न मिळालेल्या वीस जणांना विमान सांभाळायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत.

उपाय एकच आणि तो जमिनीवरचा: न निघणं, किंवा ढग दिसताच मागे फिरणं. ऐकायला सोपं. पण शनिवारी गोव्यात मित्र वाट बघत असतात. मोठ्या विमानात दोन वैमानिक, कंपनी, हवामानाचे अहवाल, "आज नको" म्हणणारी चार माणसं असतात. हौशी वैमानिक म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर, कंडक्टर आणि गाडीचा मालक एकटाच. त्याला थांबवणारं कोणी नाही. छोट्या विमानांच्या अपघातांत साधारण तीन चतुर्थांश वेळा मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडतं, आणि मला त्यात नवल वाटत नाही. झोप झालेली नसणं, सर्दीची गोळी, घरचं भांडण, रिकामं पोट, या सगळ्यांची मोजदाद निघण्याआधी करायला शिकवतात. दारूबाबत नियमच आहे: उड्डाणाआधी बारा तास बंद. गोवा जवळ असलेल्यांनी हा आकडा पाठ करावा.

"मग शिकाऊ पोरांच्या हातात देतातच कशाला?"

हे मामींचं. उत्तर असं की शिकाऊ पोरगं एकटं उडतं ते प्रशिक्षकाने परवानगी दिल्यावर, ठरलेल्या जागेत, ठरलेल्या हवेत. विमानतळाभोवती तेच तेच चौकोनी चक्कर मारणं, साधारण हजार फुटांवरून, हा त्याचाच भाग. तेवढ्या उंचीवरून इंजिन गेलं तरी धावपट्टी बहुतेक वेळा टप्प्यात असते. माझ्या मते जास्त काळजी शिकाऊची नाही, शंभर-दोनशे तास झालेल्याची करावी. स्कूटर शिकल्यावर सहा महिन्यांनी आपण जसे होतो, तसा तो असतो.

"सगळ्यांना पॅराशूट का देत नाहीत?"

काही विमानांच्या पाठीत अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, रॉकेटने बाहेर फेकलं जाणारं. त्याने जीव वाचलेत. पण ते उघडायला काही शे फूट लागतात, वजन आणि खर्च वाढतो, आणि शेवटच्या वळणावरच्या स्टॉलला ते बहुधा वेळेत पुरत नाही.

"एका शब्दात सांग, सुरक्षित आहे की नाही?"

एस.टी.इतकं नाही. अमेरिकेत, जिथे अशी उड्डाणं भरपूर होतात आणि मोजली जातात, साधारण एक लाख तासांमागे एक प्राणघातक अपघात असं प्रमाण आहे. प्रवासी विमानं त्याच्या कितीतरी पुढे. छोटं विमान तुलनेला मोटरसायकलच्या रांगेत बसतं, आणि मोटरसायकलसारखंच बरंचसं चालवणाऱ्यावर ठरतं. खालच्या माणसाला धोका त्याहून खूपच कमी, कारण वैमानिक स्वतःच्या जिवासाठीच मोकळी जागा शोधत असतो.

तुमच्याच शेतात उतरलं तर

गर्दी करू नका, आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. ते पेट्रोल आहे, पंखांत आहे, आणि गळत असू शकतं. जवळ जायचंच तर मागून जा. पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावू नका: मॅग्नेटोची वायर तुटलेली असेल तर नुसता हाताने फिरवल्यावरही इंजिन धक्का देऊन फिरू शकतं. आतल्याला पट्टा काढायला मदत करा, आग किंवा धूर नसेल तर जखमीला उगाच ओढू नका. ११२ला फोन करा. मग कशालाही हात न लावता विमान तसंच राहू द्या. तपास करणाऱ्यांना कॉक कुठे होता, दांडी कुठे होती, यावरूनच सगळं कळतं.

मामांना हे सगळं सांगताना वैमानिक शेत कसं निवडतो तेही सांगितलं. सपाट, वाऱ्याकडे तोंड करून, सरीच्या दिशेने, ऊस टाळून, कारण उंच दाट पिकात विमान अडकून उलटतं. ओलं काळं रानही नको, पुढचं चाक रुततं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे.

मामा उठले, बांधावर जाऊन उभे राहिले आणि तीस वर्षं कसलेल्या शेताकडे डोळे बारीक करून बघू लागले.

"वरच्या पट्टीत विहीर आहे," ते म्हणाले. "खालून लाईटची लाईन गेलीय. मधली बरी. ह्या साली तिथं मसूर आहे."